उत्तरेकडचा मातीचा घट

चि. सोनूस,
पूर्णगडाहून आत्याचे अनेक आशीर्वाद.

बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरममध्ये काढलेले तुझे फोटो पोचले आणि त्यासोबतचा प्रश्नही पोचला. कॅमेरूनच्या बामुम राजांची कोरीव भांडी, पिण्याची शिंगं, मण्यांनी मढवलेलं सिंहासन हे सगळं तिथे डोळ्यांसमोर आहे; मग आपल्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकातलं एखादं भांडं कुठे बघायला मिळेल, असं तू विचारलंस. तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना हा प्रश्न पडत असणार, म्हणून जरा ऐसपैस लिहिते आहे आणि छापायलाही देते आहे.

आधी तुझ्या फोटोंविषयी. त्या सिंहासनाचं नाव मांडू येनू. फुंबान या राजधानीत राजा न्सांगूसाठी ते घडवलं गेलं आणि त्याचा मुलगा न्जोया याने १९०८ साली ते जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याला दिलं. न्जोयाला खरं तर हुबेहूब प्रतिकृती पाठवायची होती, पण ती वेळेत पुरी झाली नाही आणि अस्सल सिंहासनच गेलं. मुलखावर जर्मनांचा अंमल असताना दिलेल्या नजराण्याला मी तरी मोकळ्या मनाची भेट म्हणणार नाही. हा न्जोया मोठा कर्तबगार माणूस. आपल्या भाषेसाठी त्याने स्वतः लिपी तयार करवली. पाचशेहून जास्त चिन्हांनी सुरुवात करून, पुन्हा पुन्हा सुधारत ती ऐंशीच्या आसपास आणली. पुढे फ्रेंचांनी त्याला पदावरून दूर केलं, राजधानीबाहेर धाडलं आणि १९३३ साली तो परक्या गावी वारला.

सिंहासनाच्या मागे उभ्या असलेल्या दोन मोठ्या आकृती तुझ्या तिसऱ्या फोटोत स्पष्ट आल्या आहेत. ते जुळे, राजाचे राखणदार. पुरुषाच्या हातात पिण्याचं शिंग आहे, बाईच्या हातात वाडगा. पायाखालच्या पाटावर बंदूकवाले उभे आहेत. म्हणजे राजा नसताना, आसन रिकामं असतानासुद्धा ही माणसं आपापल्या जागी हजर असतात. ज्या कारागिराने हे घडवलं त्याला राजेपण म्हणजे काय ते पुरतं कळलं होतं असं मला वाटतं. बसायची जागा त्याने एकट्या राजाला दिली आणि तिच्याभोवती भांडी धरणारे हात कोरून ठेवले.

तिकडे दरबारात ताडाच्या जातीच्या झाडाची दारू चाले, आपल्याकडच्या माडीची बहीणच ती. ती कोण कशातून पितो यावरून माणसाचा दर्जा कळे. राजाचं शिंग रानरेड्याचं आणि अंगभर कोरलेलं. त्यावर बेडूक असत, ते वंशवाढीचे आणि भरभराटीचे. कोळी असे, तो जमिनीत बीळ करणारा. त्याच्या हालचालीवरून तिथले जाणते कौल बघतात. आणि दुतोंडी साप, तो खास राजघराण्याचा. म्बुएम्बुए नावाच्या राजाने एकाच वेळी दोन बाजूंच्या शत्रूंना तोंड दिलं, तेव्हापासून हे चिन्ह त्यांचं झालं. बिबट्या, मणी, ठरावीक नक्षी या गोष्टी राजाने मान दिल्याशिवाय कुणाला वापरता येत नसत. देवापुढचा पहिला नारळ कुणाचा आणि पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे ठरलेल्या कोकणातल्या गावात तू वाढलीस. तुला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता रायगड. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. त्याआधी महाराज चिपळूणला परशुरामाचं दर्शन घेऊन आले, प्रतापगडच्या भवानीला सव्वा मण सोन्याचं छत्र वाहिलं, २९ मे रोजी त्यांची मुंज झाली. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या काळातला माणूस. पुढे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीला बखर लिहिली. तो भांड्यांचा हिशेब चोख देतो : सात महानद्यांची, इतर थोर नद्यांची, समुद्रांची आणि नामांकित तीर्थांची पाणी आणली, सोन्याचे आठ कलश आणि आठ तांबे केले, आणि ते आठ प्रधानांनी हाती घेऊन राजांना अभिषेक करायचा असं ठरलं.

मी सभासदाचं हे वर्णन वाचते तेव्हा मला सोन्याचं फारसं अप्रूप वाटत नाही, आठ या आकड्याचं वाटतं. आठ दिशा, आठ खाती, आठ माणसं. एकाने राजावर पाणी घातलं असतं तर तो एक माणूस राजा करणारा ठरला असता. आठांनी मिळून घातलं की राज्य कुणा एकाच्या हातचं राहत नाही.

मल्हार रामराव चिटणीसांची बखर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. तिच्यात मांडणी निराळी आणि जास्त तपशिलाची आहे. पूर्वेला मोरोपंत पिंगळे, हातात तुपाने भरलेला सोन्याचा कलश. दक्षिणेला हंबीरराव मोहिते, दुधाने भरलेला रुप्याचा कलश. पश्चिमेला रामचंद्रपंत, दह्याने भरलेला तांब्याचा कलश. उत्तरेला रघुनाथ पंडितराव, मधाचा कलश. आणि जवळ मातीच्या कुंभांत समुद्राचं आणि महानद्यांचं पाणी. उरलेले चार प्रधान उपदिशांना, छत्र, पंखा आणि चवऱ्या घेऊन. काळाने जवळचा म्हणून भांड्यांच्या संख्येसाठी मी सभासदावर भिस्त ठेवते. पण चिटणीसांची मांडणी हवेतून आलेली नाही. तिचं मूळ अग्निपुराण आणि विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या राज्याभिषेकाच्या विधीत सापडतं. आणि तिथे सोनू, उत्तरेकडची जागा दुसऱ्याच कुणाची आहे.

पुराणातला तो विधी सविस्तर सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. आधी राजाच्या अंगाला माती लावायची, आणि प्रत्येक अवयवाला वेगळ्या ठिकाणची. डोक्याला डोंगरमाथ्याची, कानांना वारुळाची, तोंडाला विष्णूच्या देवळातली, छातीला राजवाड्याच्या अंगणातली. उजव्या दंडाला हत्तीने सुळ्याने उकरलेली, डाव्या दंडाला बैलाने शिंगाने उकरलेली. पाठीला तळ्याची, पोटाला नद्यांच्या संगमावरची, दोन्ही कुशींना नदीच्या दोन काठांची. कमरेला वेश्येच्या दारची. गुडघ्यांना गोठ्यातली, पोटऱ्यांना घोड्यांच्या पागेतली, पावलांना रथाच्या चाकाखालची. सबंध मुलूख त्याच्या कातडीवर चढवायचा, त्यात कुणाचंच दार वगळायचं नाही. मग तो पंचगव्याने धुवायचा. त्यानंतर चार दिशांनी चार अमात्यांनी यायचं : पूर्वेकडून ब्राह्मण, सोन्याच्या कुंभात तूप घेऊन, दक्षिणेकडून क्षत्रिय, रुप्याच्या कुंभात दूध घेऊन, पश्चिमेकडून वैश्य, तांब्याच्या कुंभात दही घेऊन, आणि उत्तरेकडून शूद्र अमात्य, मातीच्या घटात पाणी घेऊन. मध येतो तो या चौघांच्या नंतर, ऋग्वेदी ब्राह्मणाच्या हातून.

धातू उतरत्या भाजणीने लावले आहेत, तसेच माणसांचे दर्जेही, हे मला दिसतं आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. तरी इतकं खरं की चौथ्या हाताशिवाय हा अभिषेक पुरा होत नव्हता. राजाच्या मस्तकावर शूद्राच्या हातचं पाणी पडावं अशी त्या ग्रंथाची आज्ञा होती. चिटणीसांच्या वर्णनात घट मातीचा आहे, पाणी आहे, दिशाही उत्तरच आहे. तो घेऊन येणारा अमात्य तेवढा नाही. त्याच्या जागी पंडितराव उभे आहेत आणि त्यांच्या हातात मध आहे. ज्या काळात महाराजांना स्वतःलाच वैदिक मंत्रांचा अधिकार आहे की नाही यावर काथ्याकूट झाला, त्यासाठी काशीचे गागाभट्ट यावे लागले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज लावावी लागली, त्या काळात हे कसं घडलं असेल याचा अंदाज करता येतो. मला मात्र ते टोचतं. महाराजांचे मावळे कोणत्या घरांतले होते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

चार दिशांचे कलश झाले की पुरोहिताने सोन्याच्या शंभर छिद्रांच्या पात्रातून धार धरायची असा विधी आहे. असं पात्र तू पाहिलेलं नाहीस, पण त्याचं धाकटं रूप लहानपणी श्रावणात दर सोमवारी पाहिलं आहेस : पिंडीवर टांगलेली गळती. तांब्याचं भांडं, बुडाला एकच बारीक भोक आणि त्यात ओवलेली दर्भाची काडी. पाणी काडीवरून उतरतं, टोकाशी थांबतं, तिथे थेंब जमतो, फुगतो, जड होतो आणि सुटतो. लगेच मागून दुसरा. काडी काढून घेतली तर पाणी वेडंवाकडं फाकतं. भांडं कितीही सुबक असो, काम ती काडी करते. शंभर भोकांच्या पात्राखाली बसलेल्या माणसाला धारेमागे कुणाचा हात आहे ते दिसत नसणार. तोवर ज्याने त्याने आपला कलश ओळखीने, समोरून रिता केलेला असतो.

त्या दिवशी दरबारात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हं त्याने टिपून ठेवली. उजवीकडे मोठ्या दातांच्या दोन माशांची सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या अग्रावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा, हे त्याला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. मासे आणि शेपट्या मोगलाईत रुळलेली चिन्हं होती आणि महाराजांनी ती बेधडक उचलली होती. बामुम राजाचा दुतोंडी साप आणि रायगडावरचे सुवर्णमत्स्य एकाच कामाचे. लांबून बघणाऱ्याला अक्षर न वाचता कळलं पाहिजे की इथे कुणाची सत्ता आहे.

मग हे सगळं गेलं कुठे? रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती पडला, आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी वरचे वाडे जाळले. राज्याभिषेकाच्या जागी आज मेघडंबरी आहे. पण लढाया झाल्या नसत्या तरी ती भांडी आपल्यापर्यंत आली असती असं मला वाटत नाही. सोनं-रुपं वितळतं. अडीअडचणीला कलशाचे होन होतात, होनांचे पगार होतात. बामुमांची भांडी लाकडाची, शिंगाची, मण्यांची. ती मोडून त्यांचं दुसरं काही होत नाही, म्हणून ती उरली. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन उभी राहिलीस तर धातूचं हे वागणं कानांनी कळेल. तिथले त्वष्टा कासार मूळचे कोकणातले, पेशव्यांच्या काळात पुण्यात स्थिरावले. तांब्याच्या भांड्यावर ते मठार करतात : गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक ठोके घालत जायचे, म्हणजे अंगभर खवल्यांसारखे झळझळीत ठसे उठतात आणि ठोके खाऊन पत्रा कडक होतो. मोडीच्या तांब्यापासून नवं भांडं, ते जुनं झालं की पुन्हा मोड. दरबारी भांडी बघायचीच असतील तर पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पानदानं, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, नाना घाटांचे अडकित्ते तिथे मन भरेपर्यंत बघता येतात. पानसुपारी आणि अत्तरगुलाब झालं की दरबार उठला, असा त्या वस्तूंचा अधिकार होता.

आपल्या गावाजवळचीही एक खूण सांगते. मुचकुंदीच्या मुखाशी आपला किल्ला, खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी, तसंच दक्षिणेला गेलं की कशेळी. तिथल्या कनकादित्याच्या देवळात पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा, म्हणजे दुसऱ्या भोजाचा, शके १११३ चा ताम्रपट आहे. ११९१ साल. त्या काळचे राजे जमीन द्यायचे ती हातावर पाण्याची धार सोडून. धार सोडणारी झारी कुठल्या कुठे गेली. ताम्रपट आठशे वर्षांवर टिकला, कारण त्यावर शब्द होते. तांबं तेच. एकाचं भांडं झालं आणि ते मोडीत गेलं, दुसऱ्यावर राजाचं वचन कोरलं गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ते जिवापाड सांभाळलं. रायगडचंही तसंच झालं आहे. कलश नाहीत, पण ते कुणी, कुठल्या दिशेला, काय भरून धरले होते हे आपल्याला माहीत आहे.

आणि म्हणूनच उत्तरेकडच्या घटाचं पुढे काय झालं हे मला तुला सांगायचं आहे. ते रायगडावर घडलं नाही, कोल्हापुरात घडलं. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे उघड झालं. सव्वादोनशे वर्षांनी, छत्रपतींच्याच गादीवर बसलेल्या माणसापुढे तोच प्रश्न पुन्हा येऊन ठाकला. वेदोक्ताचं प्रकरण तुम्ही शाळेत शिकता. त्यानंतरचा चहा शिकत नाही. राजवाड्यातले एक नोकर गंगाराम कांबळे अस्पृश्य मानलेल्या जातीतले. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाला त्यांनी हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना भांडवल दिलं आणि कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं दुकान काढायला लावलं. मग महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांना पाजायचे. छत्रपतींच्या हातातला तो कप कुणी संग्रहालयात ठेवलेला नाही. मी मात्र त्याला राज्याभिषेकाचं पात्र मानते. सोन्याच्या आठ कलशांच्या जोडीने त्याचं नाव घ्यावं अशा योग्यतेचं. पुराणाने सांगितलेला आणि रायगडच्या वर्णनातून निसटलेला चौथा हात इथे पुढे आला आणि राजाने त्या हातचं घेतलं.

पुढचं पाऊल तर रायगडच्या जवळच पडलं. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं. त्यांच्या मागे हजारो माणसांनी घेतलं. तिथे भांडंच नव्हतं, कुणी देणाराही नव्हता. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं शुद्ध करायचं ठरवलं : १०८ मातीच्या घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत पुन्हा तळ्यात ओतलं. राज्याभिषेकातलं दूध, राज्याभिषेकातलं दही, राजाचं अंग धुवायचं ते पंचगव्य आणि तेच मातीचे घट. जे पदार्थ एका माणसाला सगळ्यांचा राजा करायला वापरले, तेच माणसांना पाण्यापासून तोडायला वापरले गेले. हे मी वर्गात शिकवत असे तेव्हा मुलं गप्प होत. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली तळ्यावरचा हक्क मान्य केला. दहा वर्षं लागली.

तुझ्या बामुमांकडे परत येते, कारण त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्याकडे न्गुओन नावाचा उत्सव असतो. त्यात राजाला लोकांसमोर उभं केलं जातं, त्याच्या कारभाराबद्दल लोक काय म्हणतात ते त्याला तोंडावर ऐकवलं जातं, त्याला तेवढ्यापुरतं पदावरून उतरवतात आणि मग पुन्हा बसवतात. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने या उत्सवाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी तिथले आताचे सुलतान बर्लिनला आले आणि काचेपलीकडच्या मांडू येनूवर जाऊन बसले. त्या प्रसंगाच्या छायाचित्रावरून जर्मनीत बरीच चर्चा झाली. त्यांचं नवं संग्रहालयही फुंबानमध्ये उभं राहिलं आहे. इमारतीचा आकारच कोळी आणि दुतोंडी साप यांचा आहे. सिंहासन त्यांना परत मिळावं असं माझं सरळ मत आहे आणि तू तिथल्या शिक्षकांपुढे ते माझ्या नावावर खुशाल मांड. जुळ्यांच्या हातांतलं शिंग आणि वाडगा ज्यांच्या ओळखीचा आहे अशा माणसांमध्ये ते असायला हवं.

मे महिन्यात येशील तेव्हा आंबे संपायच्या आत ये. रायगडला जाऊ. रोपवे आहे, पण माझे गुडघे साथ देतील तर पायऱ्यांनी चढू. जाताना महाडला उतरायचं आणि चवदार तळ्यावर अर्धा दिवस थांबायचं, हे आत्ताच सांगून ठेवते. येताना जमलं तर कशेळी. वहिनीला सांग, कोकम आगळाच्या बाटल्या भरून ठेवल्या आहेत. कुणी तिकडे येणारं असेल तर कळव.

तुझी,
आत्या